दोऱ्याने मोजलेलं हैदराबाद

मोबाईलवर दोन विमानतळांची नावं टाकली की हल्ली नकाशावर एक निळी कमान उमटते. एका टोकाला हे गाव, दुसऱ्या टोकाला ते गाव आणि खाली अंतर आणि वेळ. परवा सहज चाळा म्हणून मी जळगाव आणि हैदराबाद अशी नावं टाकली. अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात, वेळ दीड तासाच्या आसपास. मोबाईलला ही माहिती आता कुठे मिळाली असेल. देवपुरातल्या आमच्या गल्लीला ती हिलाल नानांकडून कधीच मिळाली होती, तीही कुणी न विचारता.

माणूस गेल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहायला आपल्याकडे कुणी धजत नाही, कारण गेलेला माणूस चुका काढायला येत नाही. नाना हयात आहेत, ठणठणीत आहेत आणि हे वाचलं तर लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवतील. तरीही लिहितो आहे.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात शिकवत होतो आणि देवपुरात भाड्याने राहत होतो. नानांची आणि माझी भिंत एकच. नाना एका हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की पांझरेच्या पलीकडल्या काठावरच्या माणसालाही आपण वर्गात बसलो आहोत असं वाटावं. बाहेर ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलत आणि घरात अहिराणी. त्यांच्या पत्नी, विमल अक्का, सगळीकडे अहिराणीच बोलत आणि नानांपेक्षा पुष्कळ कमी बोलत. नाना सेवानिवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल, श्रीफळ आणि एक पृथ्वीगोल दिला. पृथ्वीगोल देण्यात कौतुकापेक्षा अडगळ काढण्याचा भाग जास्त असावा, कारण त्याचा कणा मोडलेला होता आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरायच्या ऐवजी एका बाजूला कलंडून पडायची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांनी भारतावर बोटं ठेवून ठेवून भारत पुसट झाला होता. मग नानांनी जळगावच्या जागी बॉलपेनने स्वतः लाल ठिपका दिला. तो जरा जोरात दिला गेला. इतका मोठा पडला की धुळं त्याच ठिपक्यात आलं.

या ठिपक्याकडे लक्ष ठेवा. नानांच्या पृथ्वीवर धुळे ते जळगाव हे अंतर उरलंच नव्हतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

जळगावहून विमानं सुरू झाली तेव्हा आनंद जळगावकरांना व्हायला हवा होता. तो आमच्या गल्लीत नानांना झाला. छोटी विमानं, आठवड्यातून काही ठरावीक दिवस. पण नानांना दिवसांशी कर्तव्य नव्हतं. त्यांना वेळेशी होतं. मुंबई सव्वा तास, पुणे तेवढंच, हैदराबाद दीड तास. ओट्यावर मांडीवर पृथ्वीगोल घेऊन ते बसत आणि अक्कांच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा ठिपक्यावर धरून दुसऱ्या गावापर्यंत ताणत. दोरा चिमटीत पकडून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. बघा, एवढंसं. कुणी पुण्याला निघालं की नाना दारात हजर. बिचारा ट्रॅव्हल्सच्या गाडीत रात्र काढायला निघालेला असे, हातात पाण्याची बाटली आणि बगलेत उशी. नाना त्याला सांगत की विमानाने गेला असतास तर आत्ता तिथे चहा पीत असतास. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यांना सांगून पाहिलं की नाना, आज विमान नाही. नाना म्हणाले, मग उद्या जा. उद्याही नव्हतं. नानांच्या मते तो प्रश्न भूगोलाचा नव्हता.

त्यांची दोन वाक्यं गल्लीत लहान मुलांनाही पाठ होती. पहिलं, ‘विमानतळ ते विमानतळ मोजायचं.’ दुसरं, ‘हवेत खड्डे नसतात.’ पहिल्या वाक्यावर कुणी म्हटलं, की नाना, आपण विमानतळावर राहत नाही, देवपुरात राहतो; इथून पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठायला दोन तास, मग सारं जळगाव शहर ओलांडून पलीकडे विमानतळ, तिथे तास-दीड तास आधी हजर व्हायचं, तर नाना अत्यंत सहनशील चेहरा करत. नापास होणार हे नक्की असलेल्या मुलाकडे मास्तर बघतात तसा. ते म्हणत, की तो रस्ता आहे, आपण अंतराबद्दल बोलतोय. धुळ्यालाही गोंदूरला धावपट्टी आहे, हे त्यांना कुणी ऐकवलं की मात्र चिडत. तिथून शिकाऊ विमानं उडतात आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालून पुन्हा तिथेच उतरतात. धुळे ते धुळे. नाना त्या विमानांकडे मान वर करून बघत आणि म्हणत, की एवढं पेट्रोल जाळून अंतर शून्य.

नाना स्वतः कधी विमानात बसले होते का, हा प्रश्न गल्लीत कुणी विचारत नसे. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, आणि नाना म्हातारे होते.

इथवर सगळं करमणुकीचं होतं. पण माणसाचा छंद त्याच्या घरात घुसला की त्याची किंमत घरातलं दुसरंच माणूस देतं.

नानांना एकच मुलगी, सुवर्णा. तिला स्थळ आलं ते चोपड्याकडचं, समाजातलं, घर ओळखीतलं, मुलगा सालस. फक्त मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत. अक्का नको म्हणाल्या. त्यांनी कारण सांगितलं नाही, पण नानांना ते माहीत होतं आणि मलाही नंतर कळलं. नानांची पहिली नेमणूक होती पार अक्कलकुव्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. तिथे अक्कांचं पहिलं बाळंतपण झालं. माहेरी जायचं ठरलेलं होतं, पण पावसाने रस्ता गेला आणि बाळाने वाट पाहिली नाही. अक्कांच्या आईला निरोप मिळून, एसटी मिळून, फरशी पुलावरचं पाणी उतरून ती पोचली तेव्हा बाळ नव्हतं. सुवर्णा त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली. अक्का त्याबद्दल कधी बोलत नसत. फक्त इतकंच म्हणत, की पोरीच्या पहिल्या बाळंतपणात मी तिच्या उशाशी असायला हवी. बाकी त्यांची या जगाकडे काहीही मागणी नव्हती.

नानांनी पृथ्वीगोल आणला. मी त्या वेळी पेपर परत द्यायला म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो, त्यामुळे हा प्रयोग मला प्रत्यक्ष बघायला मिळाला. नानांनी दोऱ्याचं एक टोक ठिपक्यावर धरलं, दुसरं हैदराबादवर. मग तोच दोरा बोटाच्या पेराला लावून अक्कांना दाखवला. पेराएवढाही भरत नव्हता. नाना म्हणाले, तुझं माहेर शहाद्याकडे, तिथे जायला तुला एसटीने अर्धा दिवस लागतो. ही पोर दीड तासावर. म्हणजे पोर तुझ्या माहेरापेक्षा जवळ. सिद्ध झालं.

अक्कांनी तो दोरा त्यांच्या हातून घेतला, गुंडाळून डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, “पोर हाक मारी तं मी दोऱ्यावर चालीसन जाऊ का?”

नाना हसले. मग त्यांनी शब्द दिला. पहिलं बाळंतपण माहेरीच होईल, आणि काही कारणाने नाही झालं तर आपण दोघं तिच्याजवळ असू. ती हाक मारेल आणि आपण दीड तासात तिथे. अक्कांनी मान हलवली. लग्न झालं. वऱ्हाडातली हैदराबादची मंडळी रेल्वेने आली, आणि उतरल्यावर बराच वेळ सगळे पाय मोकळे करत होते, पण नानांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

पहिल्या वर्षीची आखाजी मला चांगली आठवते. खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि सासरच्या लेकी त्या सणाला माहेरी येतात. येतात म्हणजे आणल्या जातात. बापाने किंवा भावाने मुऱ्हाळी होऊन सासरी जायचं आणि लेकीला घेऊन यायचं, असा रिवाज. नानांनी जाहीर केलं की यंदा विमानच मुऱ्हाळी होणार. झाडाला झोका बांधला, अक्कांनी सांजोऱ्या केल्या, आंब्याचा रस काढायला आंबे पेंढ्यात घातले. नाना मला घेऊन जळगावच्या विमानतळावर पोचले. माझी गाडी जुनी होती, पण नाना तिला वाहन म्हणत. त्या दिवशी काही तांत्रिक कारणाने विमान आलंच नाही. सुवर्णा मग रेल्वे धरून, मनमाडला बदलून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चेहरा काळवंडून देवपुरात आली. बायकांची गाणी म्हणून झाली होती, रस आंबला होता, झोका रिकामा होता. अक्कांनी तिला आंघोळीला पाणी दिलं. नाना ओट्यावर बसून सगळ्यांना समजावत होते की विमान दीड तासाचंच होतं, ते निघालं नाही ही निराळी बाब. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आबांनी शांतपणे विचारलं, की निघालं असतं तर कितीला पोचलं असतं. नानांनी वेळ सांगितली. आबा म्हणाले, मग बरं झालं नाही निघालं, तुम्ही तेव्हा तिथे पोचलाच नव्हता. ते खरं होतं. एरंडोलला रस्त्याच्या कामात आम्ही बराच वेळ अडकलो होतो.

दोन वर्षांनी सुवर्णाला दिवस गेले. अक्का म्हणाल्या, सातव्या महिन्यातच पोरीला घेऊन या. नाना म्हणाले, सातव्यात कशाला, थोड्या दिवसांनी आखाजी आहे, आखाजीलाच आणू. सणाचा सण आणि बाळंतपणाचं बाळंतपण. दीड तासाचं काम, त्याला दोन खेपा कशाला. अक्कांनी पुन्हा एकदा सांगितलं. नानांनी पुन्हा एकदा दीड तास सांगितला. त्या पहिल्या आखाजीची खंत त्यांना होतीच, तिची भरपाई त्यांना थाटात करायची होती.

आखाजी आली तेव्हा सुवर्णाला नववा लागला होता. आणि नववा लागलेल्या बाईला विमानात घेत नाहीत. ही साधी गोष्ट नानांना ठाऊक नव्हती. त्यांना वेग ठाऊक होता, उंची ठाऊक होती, हैदराबाद समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हेही ठाऊक होतं. विमानात बसणाऱ्याचं काय, हा विषय त्यांच्या अभ्यासक्रमात कधी आलाच नाही. रेल्वेने आणावं तर डॉक्टरीणबाईंनी एवढ्या लांबच्या प्रवासाला साफ मनाई केली. म्हणजे पोर यायची नव्हती. संध्याकाळी फोनवर हे कळलं, आणि त्या दिवशी नानांच्या ओट्यावर पृथ्वीगोल दिसला नाही. भिंतीपलीकडून भांडणाचा आवाजही आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळपासून डिंकाचे लाडू करायला बसल्या.

नानांनी दोघांची विमानाची तिकिटं काढली. बाळंतपणाला अजून दिवस होते, सगळं वेळेत होतं, दिलेला शब्द अजून पाळता येत होता. जायच्या दिवशी दोघांना घेऊन मीच गाडीने निघालो. मागच्या सीटवर अक्का आणि त्यांचं गाठोडं. त्यात लाडू, बाळंतशेपा, ओवा, हळीव, आणि अक्कांच्या जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी. ते गाठोडं अक्कांनी डिकीत ठेवू दिलं नाही. नाना पुढे माझ्या शेजारी. सारा रस्ता ते बोलत होते आणि एकदाही रस्त्याला नावं ठेवली नाहीत. पारोळ्याला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, की विमानात खिडकी उघडते का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मला माहीत होतं, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो.

उन्हाबद्दल सांगायलाच हवं. जळगावचं वैशाखातलं ऊन ज्याने खाल्लं आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याने खाल्लं नाही त्याला सांगून कळत नाही. विमानतळावर पोचलो तेव्हा दुपार होती. गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. दोघं आत गेले. मी बाहेर एका निंबाच्या सावलीत गाडी लावून थांबलो, विमान उडताना बघू म्हणून.

आत काय झालं ते मला नंतर नानांनीच सांगितलं, आणि काहीही न लपवता सांगितलं. विमान आलेलं होतं. पण काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांना सांगितलं, की आज तापमान इतकं आहे की विमान पूर्ण भार घेऊन उडू शकणार नाही. काही प्रवाशांनी आपणहून मागे राहावं, त्यांना पुढच्या विमानाने पाठवू. नाहीतर सगळ्यांचं सामान इथे ठेवावं लागेल, ते पुढच्या विमानाने येईल. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी नव्हतं. लोक भडकले. कुणी म्हणालं, उन्हाचा आणि विमानाचा काय संबंध. कुणी म्हणालं, बहाणे आहेत सगळे. काउंटरवरच्या पोराला काही बोलता येईना. तेव्हा नाना पुढे झाले. नववीचा वातावरणाचा धडा त्यांनी जन्मभर शिकवला होता. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, म्हणून भार कमी करावा लागतो, हे त्यांनी लोकांना इतकं समजावून सांगितलं की लोक गप्प झाले. एक बाई म्हणाल्या, सर, तुम्ही फार छान शिकवता. काउंटरवरच्या पोराने हात जोडले. मग एकाने विचारलं, की सर, तुम्हाला तर सगळं पटलंय, तुम्ही थांबता का?

सगळा वर्ग नानांकडे बघत होता. अशा वेळी मास्तर काय करणार?

नाना म्हणाले, की मी आधी हिच्याकडे बघितलं. अक्का आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या, आणि नानांशिवाय त्या नाशिकच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. नानांना वाटलं, अक्का म्हणतील, सामान राहू द्या. सामान राहिलं असतं तर दोघं गेले असते. पण गाठोडं राहिलं असतं, आणि ते पोचेपर्यंत बाळंतीण काय खाणार होती, हैदराबादच्या दुकानातलं? अक्कांनी गाठोड्यावरचा हात काढला नाही.

“तुम्ही ऱ्हा,” त्या म्हणाल्या. “मी जास. दीड तास तं शे.”

नानांनी हे मला सांगताना दोनदा सांगितलं. शब्द त्यांचेच होते, पण परत त्यांच्या हातात आले तेव्हा ते त्यांना ओळखू आले नसावेत.

विमान उडालं. पंखे फिरवत, धुरळा उडवत, ते लहानसं पांढरं विमान धावपट्टीच्या शेवटापर्यंत गेलं आणि मग उचललं गेलं. नाना माझ्या गाडीपाशी उभे होते. हातात पाण्याची बाटली, खिशात पुढच्या विमानाचं तिकीट. बाकी त्यांचे कपडेसुद्धा अक्कांच्या बॅगेत होते, तेही उडून गेले. मी म्हटलं, चला नाना, घरी जाऊ, पोचल्यावर फोन येईलच. ते म्हणाले, थांबू. दीड तासाचं तर आहे.

तो दीड तास आम्ही त्या निंबाखाली काढला. सुरुवातीला नाना बोलत होते. आता अजिंठ्याचा डोंगर ओलांडला असेल. आता बुलढाण्याची हद्द. आता खाली जिंतूर, आता पूर्णा नदी. हातवारे करून ते दाखवत होते, जणू विमान आमच्या डोक्यावरच होतं. मला गंमत वाटत होती, ती मी मनात ठेवली. मग नांदेडनंतर त्यांचं बोलणं थांबलं. तेलंगणाची गावं त्यांना येत नव्हती असं नाही. सगळी येत होती. ते आकाशाकडे बघत राहिले. मी टपरीवरून चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि पुन्हा घातली. मग पुन्हा काढली. त्यांना असं न बोलता बसलेलं मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार दया आली. एवढा वेळ हसू दाबणाऱ्या मला आता हसूच येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “भाऊ, दीड तास इतका असतो का हो?”

मी मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं.

फोन वाजला तेव्हा त्यांनी तो घाईत उलटा कानाला लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. अक्का उतरल्या होत्या. जावई घ्यायला आले होते. गाठोडं नीट होतं. नानांनी विचारलं, भीती वाटली का.

“हवामा बी खड्डा शेतस,” त्या म्हणाल्या. “बाजूमा एक पोर व्हती, तिना हात धरी बसनू.”

मग जावयांना फोन देते म्हणाल्या आणि फोन कट झाला. उन्हाळ्यात दुपारची तापलेली हवा विमानाला चांगलेच हिसके देते, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. नानांना तेही येत असणार, त्याच धड्यात आहे. पण त्यांनी आता काही समजावलं नाही. फोन खिशात ठेवला, आणि कुणा परक्या पोरीचा हात धरून बसलेली अक्का त्यांना दिसत असावी, कारण बराच वेळ ते स्वतःच्याच हाताकडे बघत होते.

“स्टेशनवर सोडा मला,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नाना, पुढच्या विमानाचं तिकीट आहे, फुकट आहे, आरामात जाल. आज रेल्वेला रिझर्व्हेशन नाही, मनमाडला बदलायचं, रात्रभर बसून जायचं, हे वय आहे का. ते म्हणाले, “आणि तोवर ती तिथे एकटी?” एकटी म्हणजे मुलगी, जावई, जावयाचे मित्र, सगळं शहर, पण मी वाद घातला नाही.

नाना जनरलच्या डब्यात बसून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचले असावेत. पहाटेच बाळ आलं होतं, मुलगी, आणि अक्का उशाशी होत्या. अक्कांच्या आयुष्यातली एकच मागणी त्या दिवशी पुरी झाली, आणि ती नानांच्या शास्त्रानेच पुरी केली, हे मान्य करायला हवं. फक्त शास्त्र त्यांना सोबत नेऊ शकलं नाही. पुढे दोघं नातीपायी तिकडेच राहिले. माझी बदली नाशिकला झाली. देवपुरातल्या त्या घरात आता दुसरे भाडेकरू आहेत. नानांचा कधीमधी फोन येतो. नात आता गोष्टी सांगायला लावते, ते सांगतात. पृथ्वीगोल हैदराबादला नेलात का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, त्याचा कणा मोडका होता, कुणाला तरी देऊन टाकला. दोऱ्याबद्दल मी विचारलं नाही.

पण नाना म्हटलं की मला ओट्यावरचे नाना आठवत नाहीत. आठवते ती जळगाव स्टेशनवरची संध्याकाळ. मनमाडकडे जाणारी गाडी लागली होती, डबा भरलेला, आणि नाना रेटारेटीत आत शिरून खिडकीपाशी कुणाच्या तरी पिशवीवर अर्धे टेकले होते. टोपी तिरकी झालेली, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. मी खिडकीबाहेर उभा. सवयीने मीच विचारलं, नाना, किती वेळ लागेल?

“माहीत नाही, भाऊ,” ते म्हणाले. “पोचलो की कळेल.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. गाडी हलली. मी हात वर केला, पण नानांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. समोर एक म्हातारी मांडीवर नातू घेऊन बसली होती, तिने जरा सरकून त्यांना जागा करून दिली, आणि जन्मभर भूगोल शिकवलेले हिलाल नाना पुढे वाकून तिला विचारत होते, की आता पुढचं स्टेशन कोणतं येतं.